लीगली फ्री

माणसाला सोडून द्यायला इंग्रजीत किती शब्द आहेत, याचा अंदाज वर्षाराणीला शिशुगृहात नोकरी लागेपर्यंत नव्हता. इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली, पुढं समाजकार्याची पदवीही लातुरातच घेतलेली. इथं लागल्यावर पहिल्याच आठवड्यात तिच्यापुढं एक चार पानी कागद आला. त्या कागदात एकच आई एकाच लेकराला तीनदा सोडत होती. पहिल्या ओळीत ‘सरेंडर’, मधे कुठंतरी ‘रिलिंक्विश’ आणि सहीच्या जागेवर ‘रिलीज’. एवढं होऊनही साठ दिवसांत आई परत आली नाही, तर बालकल्याण समिती वेगळा आदेश काढायची आणि त्या आदेशानं लेकरू ‘लीगली फ्री’ व्हायचं. म्हणजे दत्तक द्यायला मोकळं. ज्या जिवाला अजून कुशीवर वळता येत नाही तो नेमका कशातून मोकळा झाला, हे विचारायला त्या चार पानांत जागा नव्हती.

सरकारनं मराठी प्रतही काढली होती, नाही असं नाही. पण तिच्यात ‘अभ्यर्पण’ असा शब्द होता आणि तो वाचून दाखवला की समोरची बाई इंग्रजीला भ्यायची त्याहून जास्त भ्यायची. म्हणून वर्षाराणीनं नऊ वर्षांत स्वतःची एक मराठी तयार केली होती. कागद बाजूला सरकवायचा, पाण्याचा ग्लास पुढं करायचा आणि सांगायचं, ‘ताई, तू बाळ आमच्या हवाली करतेयस. मन बदललं तर दोन महिने आहेत.’ कागदावर साठ दिवस असे छापलेले असायचे, पण साठ दिवस म्हटलं की पोरी शिक्षा ऐकल्यासारख्या बघायच्या. दोन महिने म्हटलं की त्यांना जरा दम घेता यायचा. आपल्या या मराठीचा तिला अभिमान होता, आणि खरं सांगायचं तर गरजेपेक्षा थोडा जास्तच होता.

दहा एप्रिलला शिवकन्या आली ती आईच्या पाठीआड. वय वीस, बारावी झालेली. गाव हदगावच्या पुढं कुठंतरी. पोट दिसायला लागल्यावर आईनं तिला लातुरात एका लांबच्या मावशीकडं आणून ठेवलं होतं. इतक्या लांब का, हे या खोलीत कुणी विचारत नाही. लांब असणं हेच कारण असतं. लग्न करतो म्हणणारा मुलगा नोकरीला म्हणून पुण्याला गेला होता आणि त्याचा फोन तेव्हापासून बंद होता. शिवकन्येच्या मांडीवर दहा दिवसांची मुलगी झोपली होती.

समितीतल्या एका बाईंनी कागद वाचायला सुरुवात केली तशी शिवकन्येची आई पार्वतीबाई मधेच म्हणाली, “सरेंडर म्हंजे? ते तर टीव्हीत डाकू करत्यात की, बंदूक खाली ठिवून.”

वर्षाराणीनं नेहमीसारखा कागद बाजूला सरकवला.

“मावशी, तसलं काही नाही. बाळ आता आमच्याकडं राहील. तुमच्या मुलीचं मन बदललं तर दोन महिने आहेत.”

“दोन महिन्यांत आलाव तर?” शिवकन्येनं पहिल्यांदा तोंड उघडलं.

“तर तुझं बाळ तुझं. कुणी अडवणार नाही.”

“आन् नंतर?”

“नंतर तिला दुसरं घर मिळेल. चांगलं घर मिळेल.”

पार्वतीबाई बोटांच्या पेरांवर अंगठा फिरवत काहीतरी पुटपुटत होती. बाईला नीट समजलं, असं वर्षाराणीला वाटलं आणि बरंही वाटलं. शिवकन्येनं तीन ठिकाणी सही केली. उठताना तिनं मुलीच्या तळपायाला हात लावला आणि तो हात तसाच मुठीत धरून ती बाहेर गेली. तिची इच्छा नाही हे आंधळ्यालाही दिसलं असतं. पण इच्छा नसणाऱ्या सह्या त्या टेबलावर नेहमीच व्हायच्या, आणि घरात बाप काय म्हणाला असेल हे वर्षाराणीला न सांगता कळत होतं.

संस्थेनं मुलीचं नाव आरती ठेवलं. मे महिन्यात ती हुंकार द्यायला लागली. यंदा जेठात धोंडा आला होता. तीन वर्षांनी येणारा हा जास्तीचा महिना म्हणजे जावयांची चंगळ. वर्षाराणीही नवऱ्याला घेऊन औशाला माहेरी गेली, पुरणाचे धोंडे खाऊन आणि तेहतीस अनारसे डब्यात घेऊन आली. त्यातले निम्मे तिनं ऑफिसात वाटले. आरती तेव्हा शेजारच्या खोलीत दुधाच्या बाटलीशी झटापट करत होती.

नऊ जूनला साठ दिवस भरले. आईला फोन करायचा नाही असा संस्थेचा नियम होता आणि त्याला कारणही होतं. फोन बऱ्याचदा भावाच्या नाहीतर बापाच्या हातात असतो, आणि एका फोनानं घरात काय होईल सांगता येत नाही. कुणी आलं नाही. वर्षाराणीनं अहवाल लिहिला, समितीनं बारा तारखेला आदेश काढला. आरती लीगली फ्री झाली. आता तिची माहिती दत्तकाच्या यादीवर चढायची एवढंच बाकी होतं.

सोळा जूनला सकाळी दहा वाजता पार्वतीबाई दारात उभी होती. मागं शिवकन्या, अंगावर कडक इस्त्रीची साडी. फाटकाबाहेर पिंपळाखाली एक फेटेवाला म्हातारा पाठ फिरवून बसला होता.

“आमचे मालक हायेत,” पार्वतीबाई हसत म्हणाली. “केरबा त्यांचं नाव. आत येईना झालेत, लाजून राह्यलेत. लेकरू दावा म्हंजे येतील.” तिनं पिशवीतून नवं झबलं काढलं, टोपडं काढलं, काळा मणी ओवलेला दोरा काढला आणि सगळं टेबलावर मांडलं. “आमी न्यायला आलाव, मॅडम.”

वर्षाराणीनं खुर्ची पुढं सरकवली. ती म्हणाली, “बसा मावशी.”

पार्वतीबाईला मात्र बोलायची घाई होती. थोरले जावई श्रीमंतराव धोंड्याला जेवायला आले होते. ताट वाढलं, पुरणाचे धोंडे वाढले, अनारशांचं वाण पुढं ठेवलं. जावयानं ताट सरकवलं. “म्हनले, मामा, घरचं लेकरू लोकाच्या दारात आन् म्या हितं ग्वाड खाऊ? न्हाई जमायचं. आदी त्येला आना, मंग मला वाण द्या.” तसेच उपाशी उठून गेले. धोंड्याच्या महिन्यात जावई उपाशी उठला, यापरतं वाईट केरबाला काही नव्हतं. आठ दिवस तो घरात कुणाशी बोलला नाही. नवव्या दिवशी म्हणाला, घेऊन या.

“कधी म्हणाले?” वर्षाराणीनं विचारलं.

“मे सरायच्या आतच की.”

“मग तेव्हाच का नाही आलात?”

पार्वतीबाईनं तिच्याकडं असं बघितलं की या शिकल्यासवरल्या बाईला एवढंही कळू नये! “धोंड्यात कुठं पाळना बांधत्यात का, मॅडम? लेकरू पयल्यांदा घरात येनार. धोंडा काल सरला. आज निज जेठाचा पयला दिस. नांदेडात मुक्काम केला आन् पहाटंची गाडी धरून आलाव.”

“पण मावशी, मी दोन महिने सांगितले होते.”

“हाव की. घाई कुटं हाय?” पार्वतीबाईचा अंगठा पुन्हा पेरांवर गेला. “चैत्रातल्या वद्य अष्टमीला दिलं. वैशाखातल्या अष्टमीला एक म्हैना. धोंडा काय म्हैन्यात धरत न्हाईत. मंग जेठातल्या अष्टमीला दोन. आजून तीन हप्ते हायेत.”

हे तिनं इतकं सरळ सांगितलं की क्षणभर वर्षाराणीलाही ते बरोबर वाटलं. औशाला तिची आई असंच मोजायची. कुणाचं वर्षश्राद्ध, कुणाचं डोहाळजेवण, कुणाचा सहावा महिना, धोंडा मधे आला की तो वगळायचा, हे तिनं लहानपणापासून ऐकलेलं होतं. आणि ऐकलेलं असूनही नऊ वर्षं ती या टेबलावर बसून खेड्यापाड्यांतल्या बायकांना ‘दोन महिने’ सांगत आली होती. कागदावर साठ दिवस लिहिलेत, ते तिनंच कागदासकट बाजूला सरकवले होते.

“पाणी घ्या,” म्हणून ती उठली आणि अधीक्षकांच्या खोलीत गेली.

आनंदराज सर वाईट माणूस नव्हते. तीस लेकरांचं दूध, औषध, आयांचे पगार आणि दर वर्षीची तपासणी यांत त्यांचे केस पिकले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा काढला.

“आदेश झालाय, मॅडम. आता आईचा हक्क राहिला नाही.”

“कलेक्टरकडं अपील करता येतं, सर. तीस दिवसांच्या आत.”

“कशाच्या आधारावर? सही तिची आहे. वर साठ दिवस छापलेत.”

“मी तोंडी दोन महिने सांगितले. कागद वाचूच दिला नाही. तसं मी लिहून देते.”

आनंदराज सरांनी दार लोटून घेतलं. “लिहून द्याल, आणि मग? नऊ वर्षांत तुम्ही किती पोरींना समजावलंत? उद्या प्रत्येक कागद उघडतील. ज्या घरांत आपली लेकरं गेलीत, शाळेत जायला लागलीत, त्या आईबापांच्या झोपेचं काय करायचं? एका मुलीसाठी तुम्ही सगळ्यांना टांगणीला लावणार?” मग आवाज खाली आणून म्हणाले, “तुमची नोकरी जाईल ते वेगळंच. तुम्ही मला बहिणीसारख्या आहात म्हणून सांगतो. त्यांना म्हणावं, मुदत संपली. खोटं नाही ते.”

खोटं नव्हतंच. वर्षाराणी ते वाक्य तोंडात घोळवत बाहेर आली आणि तिनं ते बोलूनही टाकलं. मुदत नऊ तारखेलाच संपली, मावशी. इंग्रजी तारखेनं मोजतात. धोंडा धरून मोजतात. बाळ आता देता येत नाही.

शिवकन्या भिंतीला टेकली आणि तशीच खाली बसली. पार्वतीबाईनं टोपडं आणि दोरा परत पिशवीत टाकला. मग बाहेर जाऊन केरबाला घेऊन आली आणि दारातच त्याला सगळं सांगितलं. म्हाताऱ्यानं फेटा काढून हातात घेतला.

“म्हंजे आमी आदी आलो आस्तो तर…”

“हो.”

“धोंड्यात आलो आस्तो तर.”

“हो, बाबा.”

केरबानं मान हलवली. “म्याच म्हनलं व्हतं, धोंड्यात नको. ही तर दुसऱ्याच दिशी निघाली व्हती.” बायकोकडं न बघता तो म्हणाला, “चल. आमीच आडानी, मॅडमचा काय दोष? त्येनी तर दोन म्हैने साफ सांगितले व्हते.” आणि त्यानं वर्षाराणीला हात जोडले. पार्वतीबाईनंही जोडले. तिनं झबलं घडी करून टेबलाच्या कडेला ठेवलं. “ऱ्हाऊ द्या. आंगावर येईल तवर घाला तिला.”

त्या जोडलेल्या हातांनी वर्षाराणीला खरंच सुटल्यासारखं वाटलं. खांद्यावरचं ओझं कुणीतरी स्वतःहून उचलून घेत होतं, तक्रार न करता, वर आभार मानून. आता फक्त गप्प बसायचं होतं. तिघं फाटकापर्यंत पोहोचली. शिवकन्या बापाच्या मागून चालत होती आणि तिचा एक हात मुठीत आवळलेला होता. वर्षाराणीला स्वतःची अशी किळस आली की ती चप्पल न घालताच धावली.

“थांबा. बाबा, थांबा. चूक तुमची नाही. कागदावर साठ दिवस लिहिलंय. मी तुम्हाला ते सांगितलंच नाही.”

केरबाला आधी कळेना. दोनदा सांगावं लागलं. कळलं तेव्हा त्यानं हातातला फेटा झाडावर आपटला आणि तोंडाला येईल ते तिला बोलला. वॉचमन उठून आला. वर्षाराणीनं वॉचमनला मागं जायला सांगितलं आणि ऐकत उभी राहिली. सगळं बोलून झाल्यावर ती शिवकन्येला म्हणाली, “चल, अर्ज लिहायचाय. या वेळी एकेक ओळ वाचून दाखवते.”

सुनावणी जुलैच्या पहिल्या आठवड्यात कलेक्टरपुढं झाली. अधिकारी तरुण होता, मराठी नीट बोलणारा पण परप्रांतातला. धोंडा म्हणजे काय हे त्याला त्याच्या शिरस्तेदारानं समजावून दिलं. त्यानं शिवकन्येला दोनच प्रश्न विचारले, आणि मग वर्षाराणीचा जबाब समोर धरला.

“हे तुम्ही स्वतः लिहिलंय? कुणाच्या दबावाखाली नाही?”

“स्वतः लिहिलंय.”

“साठ दिवस असं छापलेलं असताना दोन महिने का सांगितलंत?”

“ऐकायला बरं वाटतं म्हणून.”

अधिकाऱ्यानं पेन खाली ठेवलं. “असं तुम्ही आणखी किती जणींना सांगितलंय?”

“सगळ्यांनाच,” वर्षाराणी म्हणाली. “नऊ वर्षं.”

पलीकडच्या खुर्चीवर आनंदराज सरांनी डोळे मिटून घेतले. अधिकाऱ्यानं पेन उचलून ते जबाबाखाली लिहून घेतलं. शेवटी त्यानं आदेश सांगायला सुरुवात केली. समितीचा आदेश रद्द, बाळ आईच्या ताब्यात द्यावं, आणि संबंधित कर्मचाऱ्यावर संस्थेनं काय कारवाई केली ते पंधरा दिवसांत कळवावं. शिवकन्येला पहिले तीनच शब्द कळले असावेत, कारण ती तिथंच हुंदके देऊन रडायला लागली आणि पुढचं कुणाला नीट ऐकू आलं नाही.

आरतीला न्यायच्या दिवशी जावईही आले होते. मुलगी आयाच्या कडेवरून आईकडं जाईना. तीन महिन्यांत तिला आया तेवढी कळत होती; शिवकन्येच्या हातात देताच ती लालबुंद होऊन किंचाळली. शिवकन्या घाबरली, पण तिनं धरलं ते सोडलं नाही. पार्वतीबाई म्हणाली, “रडू दे. रडंल आन् झोपंल.” जीपमध्ये बसेपर्यंत ते रडणं ऐकू येत होतं. केरबा वर्षाराणीशी बोलला नाही. जाताना पार्वतीबाईनं मात्र तिच्या हातावर एक अनारसा ठेवला, घरचा, थोडा मऊ पडलेला.

त्या दिवशी वर्षाराणीच्या टेबलावर कारणे दाखवा नोटीस येऊन पडली होती. तिनं ती वाचली आणि बाजूला ठेवली. ‘आणखी किती जणींना’ हा त्या अधिकाऱ्याचा प्रश्न तिला छळत होता. तिनं उत्तर दिलं होतं, पण ते उत्तर नुसतं तोंडचं होतं. मागचा धोंडा कधी होता? तीन वर्षांपूर्वी, श्रावणात. तिनं कपाटातून त्या वर्षाचं रजिस्टर काढलं आणि पानं उलटायला लागली.

जूनच्या पाच तारखेला एक सही होती. भोकर तालुक्यातलं गाव, आईचं वय तेवीस, मुलगा. ऑगस्टमध्ये आदेश. दिवाळीआधी दत्तक, परराज्यातलं एक जोडपं. त्यांनी पाठवलेला मुलाच्या पहिल्या वाढदिवसाचा फोटोही तिला आठवत होता. मधे एक नोंद होती, अठरा ऑगस्टची. धोंडा उतरून दोनच दिवस झाले होते. वर्षाराणीनं डोळे मिटून आठवायचा प्रयत्न केला, पण बाईचा चेहरा आठवेना. आपण तिला उशीर का झाला हे विचारलं होतं का, तेही आठवेना. नोंद एका ओळीची होती: ‘आई भेटीस आली. मुदत संपल्याचे समजावून सांगितले. शांतपणे परत गेली.’

खाली सही तिचीच होती.